हागोपच्या मळ्यातला पंप

मी एक जुना डिझेल पंप आहे, मित्रांनो, आणि जन्माने कोल्हापूरचा. तेव्हा थोडी बढाई ऐकून घ्यावी लागेल. पण फार नाही मारणार, कारण मला आज जे सांगायचंय ते माझ्याच हातून झालेलं नुकसान आहे. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

१९८९ साली उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला. चाचणीच्या दिवशी मी असं काही पाणी फेकलं की फोरमनच्या टोपीपासून चपलेपर्यंत सगळं भिजलं. तो रागवायच्या ऐवजी ओरडला, "लई भारी!" त्या दोन शब्दांवर मी पुढे कितीतरी वर्षं फुगून होतो. मग एका लाकडी खोक्यात कोंडून मला बोटीवर चढवलं आणि उतरवलं ते थेट ओमानात, मस्कतजवळच्या मत्रा बंदरात. तिथून ट्रकने सोहारच्या दिशेला, सहम नावाच्या गावाजवळच्या मळ्यात. समुद्र तिथून पायी वीस मिनिटांवर होता.

खोकं फोडलं हुसैनमियाँने. हा दापोलीजवळच्या हर्णैचा, मळ्यावर मुकादम आणि मेकॅनिक दोन्ही. माझ्या पाटीवर कोल्हापूर वाचून तो खूश झाला. "आयला, आपल्याकडचाच निघालास की रे!" म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या मळ्यावर मराठी बोलायला त्याला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे पुढची चौदा वर्षं घरच्या पत्रातलं सुखदुःख, पोरींची लग्नं, दाढदुखी, सगळं तो मला सांगत राहिला.

मळा होता हागोपआजोबांचा. हे आर्मेनियन. त्यांच्या वडिलांची तुर्कस्तानात जर्दाळूची बाग होती. १९१५ साली तिथल्या आर्मेनियन लोकांना मारलं, हाकललं, तेव्हा वडील लहान वयात पायी चालत सीरियातल्या हलब शहरात पोचले. तिथे त्यांनी खंडाने जमीन घेऊन भाजीचा मळा केला. पुढे शहर वाढलं आणि त्या मळ्यावर इमारती उभ्या राहिल्या. मग मी यायच्या दहाएक वर्षं आधी हागोपआजोबा बायकोला, सिरानुशआजींना, आणि गारो नावाच्या मुलाला घेऊन ओमानात आले. इथे एका ओमानी मालकाची पडीक जमीन त्यांनी खंडाने घेतली. आजोबांचं एकच मागणं होतं. आपल्या घराण्याला तिसऱ्यांदा मातीवरून उठावं लागू नये. नात तालिन जन्मली तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळून त्यांनी आधी वाफ्यावर आणलं आणि तिच्या तळपायांना माती लावली. सिरानुशआजी केवढ्या ओरडल्या होत्या त्या दिवशी!

मळा सेंद्रिय होता, तोही त्या मुलखात हा शब्द कुणाला फारसा माहीत नव्हता तेव्हापासूनचा. शेळ्यांची लेंडी, खजुराच्या पानांचं खत, कडुनिंबाचा काढा, बस्स. रासायनिक पावडरचं एक पोतं फाटकाच्या आत येऊ द्यायचे नाहीत आजोबा. पाहुण्याच्या गाडीची डिकीसुद्धा उघडून बघायचे. पिकायचं काय म्हणाल, तर वांगी, पुदिना आणि त्यांची ती लांब, फिकट, रेघारेघांची काकडी, आपल्या वाळकाची चुलतबहीण म्हणा. तिच्यासाठी मस्कतहून गाड्या यायच्या. लोक आजोबांना शाबासकी द्यायचे आणि आजोबा माझ्याकडे बोट दाखवायचे. "पाणी चांगलं, तर सगळं चांगलं," असं म्हणायचे ते अरबीत. हुसैनमियाँ लगेच मला मराठीत सांगायचा. मग मी दुप्पट जोराने धडधडायचो. चढलो होतो मी, खरंच.

या घरात एक नेम होता. दुपारी जेवणाबरोबर सगळ्यांना ताक. ते लोक त्याला 'तान' म्हणत, पण ते आपलं खारं ताकच, वर पुदिना. चहाला, स्वयंपाकाला शहरातून टँकरचं पाणी यायचं. ताकाला मात्र सिरानुशआजींना विहिरीचंच पाणी लागायचं. सकाळी त्या स्वतः जग घेऊन माझ्या तोंडाशी यायच्या. मोजमाप कसलंही नाही. चिमटीने मीठ टाकायचं, चाखायचं, जमलं की झालं. वीस वर्षं त्या ताकाची चव तसूभरही बदलली नाही, असं सगळे कौतुकाने म्हणायचे.

आता कान देऊन ऐका. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी असतं आणि ते समुद्राच्या खाऱ्या पाण्याला पलीकडे थोपवून धरतं. गोडं पाणी उपसलं, की खारं आत सरकतं. पाऊस तिथे नावापुरता. आणि उपसणारा मी एकटा थोडाच होतो? त्या किनाऱ्यावर मळ्याशेजारी मळा, विहिरीशेजारी विहीर. दिवसभर सगळीकडून धडधड ऐकू यायची, आणि मला वाटायचं, माझा आवाज सगळ्यांत मोठा असला पाहिजे!

१९९७च्या उन्हाळ्यात काकडीच्या पानांच्या कडा करपल्या. आजोबा म्हणाले, उन्हाची झळ आहे, पाणी वाढवा. "हुसैन, यल्ला, आणखी दोन तास!" मी दोन तास जास्त चाललो. पुढच्या वर्षी वांगी लिंबाएवढीच राहिली. मी तीन तास जास्त चाललो. माझ्या तोंडाभोवती पांढरा थर धरू लागला होता. हुसैनमियाँला वाटायचं धूळ बसली. तो रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसून लख्ख करायचा. बिचारा माझी काळजी घेत होता. मला तर आतून कळत होतं. गंज कुठे खातोय, पाती कशी झिजतायत, घशाखाली काय उतरतंय, सगळं कळत होतं. पण आम्हाला धडधडण्यापलीकडे बोलता कुठे येतं?

गारोला शंका आली होती. माझ्यासमोरच तो म्हणाला, "बाबा, पाणी तपासून घेऊ या. निम्मा मळा दोन-तीन वर्षं पडीक ठेवू, उपसा कमी करू."

आजोबा चिडले. "तुझी आई रोज या पाण्याचं ताक करते. तू रोज पितोस. वीस वर्षांत चव बदलली? याहून मोठी तपासणी कोणती रे?"

गारो वाफ्यांकडे निघून गेला. ताक खरोखरच तसंच लागत होतं.

२००१च्या वसंतात सिरानुशआजींना भोवळ आली. त्यांना सोहारच्या इस्पितळात नेलं. चार दिवसांनी त्या परत आल्या आणि गाडीतून उतरून, घरात जायच्या आधी, सवयीने माझ्याकडे आल्या. मागोमाग आजोबा, गारो आणि औषधांची पिशवी धरलेली नऊ वर्षांची तालिन. मी चालूच होतो आणि हुसैनमियाँ मला डिझेल घालत होता.

"उम्म गारो, तब्येत कशी?" त्याने विचारलं. उम्म गारो म्हणजे गारोची आई, सगळे कामगार त्यांना तसंच म्हणत.

"रक्तदाब वाढलाय," गारोच म्हणाला. "डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलंय. आई, आजपासून ताकातही मीठ नाही. ऐकलंस ना?"

आजी हसल्या. "ताकात? ताकात मी मीठ घालतेच कुठे! दोन वर्षं झाली, घालावंच लागत नाही. चाखून बघते तर बरोबर असतं."

आजींचं हसू हळूहळू मावळलं. आपण काय बोललो ते त्यांना उमगलं असावं, कारण त्या तिथेच पाटाच्या कठड्यावर बसल्या. चिमूट चिमूट मीठ कमी होत गेलं होतं आणि जिभेने ते मनाला कळवलंच नव्हतं. आजोबा पुढे आले, माझ्या तोंडाखाली ओंजळ धरली, पाणी प्याले आणि थुंकले. पुन्हा ओंजळ धरली. पुन्हा थुंकले. मग हुसैनमियाँकडे न बघताच म्हणाले, "बंद कर. खलास."

आयुष्यात मला एवढी लाज कधीच वाटली नव्हती, मित्रांनो. फाटकातून विषाचा कणही आत येऊ न देणाऱ्या त्या माणसाच्या मातीत चार वर्षं समुद्र ओतला तो मी! आणि तेही शाबासकी घेत घेत.

त्यांनी हातपाय मारले नाहीत असं नाही. मला दिवसातून तासभरच चालवलं, खजूर तेवढा जगवला. पण आजूबाजूचे पंप चालूच होते. दोन उन्हाळ्यांत वाफे पांढरे पडले. गारोने सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. मग कॅनडातल्या मेव्हण्याने बोलावलं आणि २००३ साली सगळे निघाले. शेवटच्या दिवशी तालिनने मूठभर माती पिशवीत भरली. आजोबांनी ती हळूच काढून घेतली आणि परत वाफ्यात टाकली. "नको राणी," ते म्हणाले, "यात आता काही उगवत नाही." मग माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हुसैनमियाँला म्हणाले, "पुष्कळ काम केलं याने." त्यांनी मला लाथ घातली असती, शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. पुढे हुसैनमियाँला गारोचा फोन आला. आजोबा आठव्या मजल्यावरच्या घरात दिवसभर खिडकीशी बसतात, कुणाशी फारसं बोलत नाहीत, असं तो म्हणाला. हुसैनमियाँने मला पुसता पुसता हे सांगितलं.

हुसैनमियाँला दुसऱ्या अर्बाबाने, म्हणजे दुसऱ्या मालकाने कामावर ठेवलं आणि त्याच्याबरोबर मलाही नेलं. समुद्रापासून आणखी दोन मळे आत, नवी विहीर, गोड पाणी. आता हुसैनमियाँ रोज चूळ भरून पाणी चाखतो. चार वर्षं त्याने मान डोलावली. गेल्या महिन्यात मात्र चाखून तो थुंकला. मग मालकाच्या घरी गेला आणि सगळं सांगून आला. मालक भला माणूस आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला. आधी हे पीक निघू दे. यल्ला, चालू कर."

हुसैनमियाँ परत आला. "माफ कर रे बाबा," एवढंच म्हणाला आणि त्याने माझं हँडल फिरवलं.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठेतरी माझा एखादा भाऊ धडधडत असेल. त्याला पुसा, तेलपाणी करा, सगळं करा. पण त्याने वर काढलेलं पाणी अधूनमधून चाखा, आणि जीभ काही सांगू लागली तर त्याला त्याच दिवशी थांबवा. पीक निघायची वाट बघू नका. आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही. मी आत्ताही चालूच आहे.