वीस डॉलरची हॅट

मित्रांनो, माझी कड उंदराने कुरतडली आहे म्हणून हसू नका. मी एक जुनी हॅट आहे खरी, पण या घरात माझा मान मोठा आहे आणि तो मी मिळवला आहे.

सशाच्या मऊ केसांपासून मला घडवलं. वाफेवर तापवून, साच्यावर ओढून आकार दिला. इथे व्हिक्टोरिया राज्यात गव्हाचं पीक चांगलं आलं, त्या वर्षी या घरचा शेतकरी मर्व्ह याने मला विकत घेतलं. पुढचे कितीतरी उन्हाळे ऊन मी खाल्लं, म्हणून त्याचं टक्कल शाबूत राहिलं! मग नवी टोपी आली आणि मी पडवीतल्या खुंटीवर धूळ खात बसले. फार वाईट वाटायचं.

एका नोव्हेंबरात मर्व्हच्या लेकीचा, जनेलचा, फोन आला. "आई, यंदा नाताळला जमणार नाही गं. कामं आहेत."

लॉर्नाने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "कामं कसली डोंबलाची! गेल्या नाताळच्या भेटींचे हप्ते पोरगी जुलैपर्यंत फेडत होती. क्रेगची बरोबरी करायला गेली ना! आता रिकाम्या हाताने यायची लाज वाटते तिला."

क्रेग थोरला मुलगा, मेलबर्नला राहणारा. महागडी खोकी घेऊन यायचा आणि जेवण झालं की लगेच परत निघायचा.

मर्व्हने मला खुंटीवरून काढून झटकलं. कापणी संपल्यावर सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी माझ्यात टाकली.

"एकाने एकच चिठ्ठी काढायची. नाव फोडायचं नाही. त्या माणसाला एकच भेट, वीस डॉलरच्या आत."

"वीसमध्ये काय येतं, बाबा? मोजे?" क्रेग हसला.

"मग मोजे दे. माझे फाटलेत."

जनेलने चिठ्ठी काढली आणि तिचा चेहरा उतरला. नाव क्रेगचं होतं! ज्याच्याकडे सगळं आहे, त्याला वीस डॉलरमध्ये काय द्यायचं? मला वाटलं, ही आता काही येत नाही.

पण नाताळला ती आली. कोळंबी संपली, थंड हॅम संपलं, आणि क्रेगने आपलं लांबट पुडकं फोडलं. आत त्यांच्या लहानपणची बॅट होती. मोडलेला दांडा चिकटवलेला, तेल पाजलेलं, मुठीला नवं रबर. खर्च अकरा डॉलर.

क्रेग बराच वेळ बॅटवरून हात फिरवत राहिला.

"ही तर मोडली होती."

"तूच मोडलीस, दादा. आउट दिलं म्हणून आपटून."

"आउट नव्हतोच मी!"

"होतास! चल, आज परत खेळून दाखव."

परसात कचऱ्याचा डबा उभा केला, तोच स्टंप. त्यावर बेल्स म्हणून मी! अंधार पडेपर्यंत सगळं घर खेळलं. क्रेग त्या दिवशी मेलबर्नला गेलाच नाही.

तेव्हापासून दर वर्षी मी मानाने खुंटीवरून उतरते. मित्रांनो, अंथरूण पाहून पाय पसरा. ज्या भेटीने देणाऱ्याची झोप उडते, ती घेणाऱ्यालाही गोड लागत नाही. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा झटकून पाहा.

त्या जानेवारीत जनेलकडे एकही हप्ता आला नाही. बिल आलं ते मर्व्हच्या नावे, स्वयंपाकघराच्या फुटक्या काचेचं. त्याने ते हसत हसत रोख भरलं. क्रेगचं म्हणणं, तो षटकार होता.