गाळलेल्या सुना

शीलाने कर्सर स्वतःच्या नावावर नेला, आणि डिलीट दाबायचं सोडून उठून डिशवॉशर रिकामा करायला घेतला. दोन ताटल्या काढल्या, परत येऊन बसली. पुन्हा उठली.

“मॉम, जस्ट लीव्ह इट इन,” सोफ्यावरून तिची मुलगी ईशानी म्हणाली. “हू इज गोइंग टू चेक?”

“मी करणार ना चेक, बाई!”

मोर्वेकरांचा कुलवृत्तांत उद्या छपाईला जायचा होता. सात वर्षं शीलाने परदेशात, सरेच्या या घरात बसून नवऱ्याच्या कुळातली अकराशे माणसं जुळवली होती. देवगड तालुक्यातल्या शाळांचे दाखले, देवळाच्या वह्या, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, काही म्हणून सोडलं नव्हतं. आणि गेल्या बुधवारी तिचा आणि शैलेंद्रचा घटस्फोट झाला. नियम साधा होता: जिचा संसार मोडला, ती सून पुस्तकातून गाळायची. ठरवला होता समितीने. पण चार वर्षांपूर्वी अशा चौदाजणी गाळल्या त्या शीलानेच. दहा मिनिटांत. तेव्हा ती नांदती होती.

त्यातल्या एका काकूंनी रत्नागिरीहून फोन केला होता. “माझी मुलं आहेत ना गं तुमच्या पुस्तकात? मग ती काय आभाळातून पडली?”

“काकू, नियम आहे,” शीला म्हणाली होती. आणि किती गोड आवाजात! आता आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

फोन वाजला. देवगडहून सासरे, भाऊसाहेब. वय ऐंशीच्या पुढे, समितीचे अध्यक्ष. तिकडे जेवणं उरकली असणार.

“शीला, तुझं नाव राहू दे. समितीला मी बघतो. एवढी राबलीस आणि आता तुलाच काढायचं, म्हणजे काय!”

तिला रडूच आलं. हेच तर ऐकायचं होतं. ती खिडकीपाशी गेली, तिथून ओट्यापाशी आली.

“आणि त्या चौदाजणी, बाबा?”

“त्यांचं काय आता. जुन्या गोष्टी त्या.”

“राहिलं तर सगळ्यांचं राहील. नाहीतर माझंही नको.” आवाज चढलाय हे तिलाही कळत होतं. “मला एकटीला उपकार नकोत.”

म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखावलं, असं वाटून ती खुर्चीत बसली.

“बाबा? आहात ना?”

“लिहून घे,” भाऊसाहेब म्हणाले. “तुझ्या यादीत एक आलीच नव्हती. मंदाकिनी. माहेर कणकवली. नवरा विश्वनाथ.”

विश्वनाथ म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. शीलाने त्यांची नोंद उघडली. बायको एकच होती, सीताबाई. ही माहिती भाऊसाहेबांनीच स्वतःच्या हाताने भरून पाठवली होती.

“आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं?”

“हो. दोन वर्षं नांदवली. मग माहेरी पाठवली, ती परत कुणी आणलीच नाही.”

पुढे मुलांचा रकाना होता, म्हणून शीलाने विचारलं, “मूलबाळ?”

“एक,” भाऊसाहेब म्हणाले. “मी.”