झिंगूचा कागद

माझं नाव गुणवंतराव. बत्तीस वर्षं गावात मास्तरकी केली आणि पोरांच्या पाठीत भरपूर धपाटे घातले, त्याची मला लाज नाही. लाज आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

धानोऱ्याहून आत, जंगलाच्या तोंडाशी आमचं गाव. गावाला स्वातंत्र्यसैनिक एकच, झिंगू. तीस सालच्या जंगल सत्याग्रहात त्यानं आणि खुशालनं सरकारी जंगलातलं गवत कापलं. पोलिसांनी झिंगूला नेलं. चार महिन्यांनी तो गोऱ्या साहेबाच्या सहीचा इंग्रजी कागद घेऊन परत आला. खुशाल आला नाही. तो भिऊन तेलंगणात पळाला, तिकडं दुसरी बायको केली, असं गाव म्हणायचं. त्याच्या घराला आजही 'पळपुट्याचं घर' म्हणतात.

झिंगूची पोरगी रुखमाबाई, आता चौऱ्यांशी वर्षांची. तिनं तो कागद काचेत घालून भिंतीला टांगला. दर पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी तिच्या दारात थांबायची. ती कागदाला हळदकुंकू लावायची, पोरं सलाम ठोकायची आणि मी भाषण ठोकायचो. 'या झाडीपट्टीनंही देशासाठी रक्त दिलं' हे मी दर वर्षी अगदी मनापासून म्हणायचो. कागद मात्र मी कधी वाचला नाही. काच कुंकवानं लाल झालेली. आणि वाचायचं कशाला? देवाला कोणी दाखला मागतं का?

मग शाळेपुढं गावच्या वीराच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. सरपंच कुलदीप म्हणाला, "गुरुजी, पुरावा लागते. कागदाची झेरॉक्स आणा." रुखमाबाईचा आनंद गगनात मावेना. बापाचं नाव दगडावर पाहिलं की डोळे मिटायला मोकळी, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

मी काच उघडली. कागद वाचला. पुन्हा वाचला.

"काय लिवलं हाये, मास्तर?"

"काही नाही बाई. जुनी इंग्रजी आहे."

"असं कसं काही नाई? वाच ना."

"नंतर सांगतो."

बुढी फसकन हसली. "तुले येतच नाई वाटते इंग्रजी! एवढे वर्स पोरायले काय सिकवलं रे मंग?"

ओसरीवर चार बाया बसल्या होत्या. त्या खिदळल्या. माझं डोकं सणकलं. मी वाकून तिच्या कानात, दात ओठ खाऊन सांगितलं, "तुझ्या बापानं माफी मागितली. जंगलात लपलेल्या खुशालची जागा त्यानं स्वतः पुढं होऊन दाखवली. म्हणून त्याची उरलेली शिक्षा माफ झाली. खुशाल कोठडीत मेला. ऐकलंस? झालं समाधान?"

ती काठी चाचपत उठली आणि आत गेली. मला त्या क्षणी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

झेरॉक्स मात्र मी मुकाट्यानं कुलदीपला दिली. महिनाभरानं मी पंचायतीत बसलो असताना ती काठी टेकत आली. "माह्या बापाचं नाव नोका टाकू. खुशालचं टाका," म्हणाली. मी कुलदीपला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"आता सांगून राह्यले, गुरुजी? दगड कोरून झाला. झेरॉक्स पाहून वरच्या ऑफिसनं शिक्कासुद्धा मारला."

"वाचलं नाही कोणी?"

"तुमी वाचलं होतं काय?"

मी टेबलावरची झेरॉक्स उलटी करून ठेवली. "जिल्ह्याचे साहेब येऊन राह्यले कार्यक्रमाले," तो म्हणाला, "गावाची अब्रू नोका काढू." मी मान डोलावली. बुढी आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहत राहिली.

पंधरा ऑगस्टला दगडावरचा पडदा सरला. झिंगूचं नाव सोनेरी रंगात होतं. रुखमाबाईला शाल पांघरली, नारळ दिला. माईक माझ्या हातात होता. तिनं तो असा हिसकावला की मी भेलकांडलो.

"माह्या बापानं खुशालले धरून देलं!" ती ओरडली. "खुशाल पळाला नाई. तो जेलात मेला. मास्तरनं वाचलं हाये. इचारा त्याले!"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. पहिल्या रांगेत खुशालची नातसून अंजनाबाई बसली होती. तिनं जन्मभर त्या 'पळपुट्या'वरून टोमणे खाल्ले. निम्मे तर रुखमाबाईनंच मारलेले.

एक 'हो' म्हणायचं होतं मला.

मी माईक काढून घेतला. "आजीचं वय झालं," म्हणालो, "बापाच्या आठवणीनं डोकं फिरलं बिचारीचं. बोला, भारत माता की..."

"जय!" पोरं ओरडली.

अंजनाबाईच उठली. रुखमाबाईला धरून सावलीत नेलं, पाणी पाजलं. बुढी तिचे पाय धरायला वाकत होती आणि अंजनाबाई तिला पुन्हा पुन्हा वर उचलत होती.

"असं काऊन करता, बाई?" ती समजावत होती. "एवढा देवमाणूस तुमचा बाप. आमच्या पळपुट्यासाठी त्याच्या नावाले काळं नोका फासू."