उखळातलं मूठभर धान

मित्रांनो, मी एक जुनी ढेकी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. एक लांबलचक लाकडी ओंडका, दोन खुंटांवर आडवा टेकवलेला. त्याच्या एका टोकावर पाय ठेवून दाबलं, की दुसऱ्या टोकाचं मुसळ वर उचललं जातं. पाय सोडला, की ते धाडकन जमिनीतल्या उखळात पडतं. उखळात धान असतं. त्याचा कुटून कुटून तांदूळ होतो. बस्स, एवढंच माझं शिक्षण.

नवेगाव बांधच्या तलावाच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या शालीकराम सुताराने मला बिज्याच्या लाकडातून घडवलं आणि कवडू नावाच्या शेतकऱ्याच्या आईने मला आपल्या पडवीत बसवलं. पुढे कवडूचं लग्न झालं आणि वच्छला सून म्हणून घरात आली. तिने पहिला पाय उंबरठ्यावर ठेवला आणि दुसरा थेट ढेकीवर, असं सासू थट्टेने म्हणायची. काय जोर होता त्या पायात! पहाटे माझा आवाज सुरू झाला, की शेजारच्या बाया अंथरुणातच म्हणायच्या, "वच्छला उठली बाई, आता आपल्यालेबी उठा लागते." नव्या धानाचे पोहे कुटायला तर माझ्याकडे रांग लागायची. मी तेव्हा फार तोऱ्यात असे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. माझ्यापाशी दोघं लागतात. एक जण पाय मारतो आणि दुसरा उखळाशी बसून, मुसळ वर गेलं की झटकन हात घालून धान फिरवतो. पाय मारणाऱ्यावर भरवसा असल्याशिवाय कुणी तिथे हात घालत नाही.

मग गावात धान भरडायची गिरणी आली आणि माझं काम संपलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. वच्छलाचा मुलगा खुशाल मोठा झाला, त्याने मोटारसायकल घेतली आणि ओला रेनकोट माझ्यावर वाळत घालू लागला. मला राग यायचा. पण रुसून निघून जायला लाकडाला कुठे पाय असतात?

गेल्या उन्हाळ्यात, तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत, वच्छला पानांचे पुडे बांधता बांधता कोसळली. लकवा मारला होता. जीव वाचला, पण उजवा पाय लुळा पडला. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बजावलं, की हा पाय रोज सकाळ-संध्याकाळ दाबायचा, उचलायचा. खंड पडला तर तो आखडेल आणि मग काही खरं नाही.

कवडूने तिला आधी रस्त्यावर चालवून पाहिलं. पण लोक थांबून बघायचे, हळहळायचे, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोन दिवसांत तिने घराबाहेर पडणं सोडलं. त्या संध्याकाळी कवडू पडवीत बसला होता. बसल्या बसल्या त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने कोंबड्या हुसकल्या, रेनकोट फेकला आणि बायकोला हाक मारली.

"यावर पाय मारत जा रोज. घरातल्या घरात होते."

"रिकामी ढेकी कायले वाजवू? लोकं म्हणतीन, येडी झाली."

"रिकामी काऊन? मी धान टाकतो ना."

"अन् फिरवीन कोन?"

"मी फिरवीन."

वच्छला कितीतरी दिवसांनी हसली. "तुमी? अन् माह्या पायाचा भरोसा हाय का? बोट चेंदन तुमचं."

"चेंदू दे. दहा हायेत," कवडू म्हणाला. "पन यंदाच्या मंडईले तू आपल्या पायानं येशील. गाडीवर बसून नाही."

दिवाळी झाली, की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं आणि रात्रभर नाटक. वच्छलाने एकही मंडई कधी चुकवली नव्हती. ती उठली, तोल सांभाळायला माझ्यावर आढ्यापासून टांगलेली दोरी धरून उभी राहिली आणि लुळा पाय हाताने उचलून तिने माझ्यावर ठेवला. हाच तिचा निश्चय. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सुरुवातीला मुसळ जेमतेम हलायचं. पण कवडू मूठभर धान टाकायचा आणि गंभीर चेहऱ्याने फिरवायचा, जणू सगळ्या गावाचा तांदूळ आमच्याच उखळातून निघायचा आहे. पावसाळ्यात वच्छला कंटाळायची. "आज नाही," म्हणून तोंड फिरवायची. तेव्हा तो रागवायचा नाही, समजावायचाही नाही. उखळाशी जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "मी बसून राहिलो, तू ये आरामानं." माणूस समोर बसून राहिला, की किती वेळ तोंड फिरवणार? ती यायचीच.

पोळ्याच्या सुमारास तिचा पाय सटकला आणि मुसळ त्याच्या बोटावर पडलं. माझं मुसळ! तेव्हा मला माझ्या वजनाची लाज वाटली. वच्छला ओक्साबोक्शी रडली. "आता पाय नाही ठेवत मी," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू बोटाला चिंधी बांधून पुन्हा उखळाशी बसला आणि डाव्या हाताने धान फिरवू लागला. बोटाचं नख काळंनिळं झालं होतं. वच्छलाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पाय ठेवला.

नवरात्रात ती काठीशिवाय बोरिंगपर्यंत गेली आणि परत आली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझे जुने तोऱ्याचे दिवस आठवले.

मग धानाची कापणी सुरू झाली. एके सकाळी मूठभर धान अर्धं कुटून झालं आणि वच्छला दमली. "बाकीचं उद्या," ती म्हणाली. "उद्या तं उद्या," म्हणून कवडूने उखळावर सूप झाकलं आणि तो शेतावर गेला. दुपारी बांधावरच त्याच्या छातीत कळ आली. चार माणसांनी त्याला उचलून घरी आणलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

त्याला अंगणात ठेवलं होतं. चादरीबाहेर त्याचा हात आला होता. काळं नख अर्धं वर सरकलं होतं आणि खालून नवं उगवत होतं. वच्छला तेच बोट धरून बसली होती.

सुतकात ढेकी वाजवत नाहीत. मी मुकी झाले, ते रीतीला धरूनच होतं. पण तेरवी झाली, पाहुणे गेले, तरी मी मुकीच राहिले, कारण मला पुन्हा बोलतं करायचं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळे वच्छलाला जपत होते. खुशाल म्हणायचा, "माय, तू कायले उठतेस? मी हाय ना." त्याची बायको मंजू पाण्याचा गिलाससुद्धा हातात आणून द्यायची. प्रेमच होतं ते, मी नाही म्हणत नाही. पण त्या प्रेमात पाय आखडत चालला. मी पडवीतून पाहत होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

मंडईचा दिवस आला. दुःखाच्या घरात मंडईचा उत्साह नव्हता, तरी आईला जरा बरं वाटावं म्हणून खुशालने गाडी काढली. "चाल माय, गाडीवर नेतो. लवकर वापस येऊ."

"गाडीवर नाही येत मी," वच्छला म्हणाली.

खुशाल एकटाच गेला. मंजू आत भांडी घासत होती. मंडईतल्या भोंग्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता. वच्छला भिंत धरून, पाय ओढत माझ्यापाशी आली. तिने दोरी धरली आणि हाताने उचलून पाय माझ्यावर ठेवला. दाब, बाई, दाब, असं मी माझ्या सगळ्या जुन्या लाकडानिशी म्हणत होते. तिने समोर उखळाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

तिने पाय काढून घेतला. कशीबशी खाली बसली आणि सूप उचललं. अर्धं कुटलेलं धान तसंच होतं, पोरकिड्यांनी पोखरलेलं.

तेवढ्यात मंजू बाहेर आली. "अगं बाई, हे तं खराब झालं," म्हणून तिने झाडू घेतला. "उखळ साफ करून देऊ का माय?"

"राहू दे," वच्छला म्हणाली. "त्याइनं टाकलेलं हाय."

मंजू झाडू घेऊन आत गेली, आणि वच्छलाने उखळावर पुन्हा सूप झाकलं.

मित्रांनो, मंजू वाईट नाही. झाडू बाजूला ठेवून उखळाशी खाली बसावं, एवढंच तिला सुचलं नाही. तुमच्या घरात ढेकी नसेल. पण रोज सकाळी चालणारं, हातपाय हलवणारं कुणीतरी असेल, आणि एक दिवस ते थांबेल. तेव्हा त्याला "कर" म्हणू नका, "राहू दे, आराम कर" असंही म्हणू नका. त्याच्यासमोर जाऊन बसा. "मी बसून राहिलो, तू ये आरामानं," एवढं म्हणा आणि खरंच बसून राहा.

मी अजून पडवीतच आहे. दोरी आहे, मुसळ आहे. वच्छलाही आतल्या खोलीत, खिडकीशी बसलेली असते. उखळाशी मात्र अजून कुणी बसलेलं नाही.