एक तास जास्तीचा

मी एक सागरी नकाशा. गेला महिनाभर माझ्या जिवाला जो घोर लागला होता, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इंग्लंडातल्या डेव्हनच्या विल्फ लसकोम्ब यांनी पस्तीस वर्षांपूर्वी मला बंदरावरच्या दुकानातून आणलं. समुद्रापलीकडच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किनारा माझ्या अंगावर छापलाय. विल्फचे गुडघे गेले तेव्हा त्यांची शिडाची होडी मुलाकडे, पीअर्सकडे गेली आणि तिच्याबरोबर मीही. पीअर्स मनाचा चांगला, पण भारी उतावळा. माझ्यावर चहाचा गरम कप ठेवणारा हा पहिलाच, आणि मी ते विसरलेलो नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं घाईघाईत होडी वाळूच्या दांड्यावर चढवली. होडी कलंडली आणि त्याच्या मुलीचं, ब्रायनीचं, मनगट मोडलं. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, रोवीनानं, होडीवर पाय ठेवला नव्हता. यंदा जुलैत तिघं ब्रिटनीला जाऊ असं त्यानं काढलं, तेव्हा रोवीना भांडली नाही.

"सगळा बेत लिहून काढ," ती म्हणाली. "मी तपासणार. एक जरी चूक निघाली, तर ब्रायनी आणि मी घरी राहणार आणि होडी विकायची."

म्हणून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलो, कोपऱ्यांवर मुरंब्याच्या बरण्या. पीअर्स रोज संध्याकाळी माझ्यावर शिसपेन्सिलीनं रेघा ओढायचा. खरी अडचण एकाच जागी होती, सेन बेट आणि किनारा यांच्यामधल्या अरुंद खिंडीत. भरती-ओहोटीचं पाणी तिथं असं उसळतं की भल्याभल्यांची गाळण उडते. पाणी दिशा बदलतं तेव्हा थोडा वेळ शांत असतं, तेवढ्यात पार व्हायचं. पार व्हायच्या दिवसाची ती वेळ पीअर्सनं फ्रेंच पुस्तकात पाहिली: दहा वीस. आणि माझ्यावर लिहिली: अकरा वीस.

इथंच चूक झाली. इंग्लंडातल्या भरतीच्या पुस्तकात हिवाळ्याची वेळ छापतात, उन्हाळ्यात तिच्यात एक तास मिळवायचा. ही सवय इथल्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेली. पण फ्रान्सचं घड्याळ मुळातच एक तास पुढे. त्यांच्या पुस्तकातली हिवाळ्याची वेळ म्हणजे आपली उन्हाळ्याचीच वेळ, आणि होडीतलं घड्याळ हे लोक घरच्याच वेळेवर ठेवतात. तिथं काही मिळवायचं नसतं. विल्फबरोबर मी त्या खिंडीतून तीनदा गेलोय, म्हणून मला ठाऊक. पण कागदानं सांगायचं कसं?

रविवारी रोवीना चष्मा लावून बसली. तिनं एकेक अंतर कंपासनं मोजलं.

"हा सात आहे की एक?"

"सात."

"मग जरा सातासारखा काढत जा की."

ती खिंडीपाशी आली. तिनं पुस्तक उघडलं. "दहा वीस, उन्हाळ्याचा एक तास... अकरा वीस," असं पुटपुटत तिनंही बरोबरची खूण केली. तीही याच किनाऱ्यावर वाढलेली ना. खरं सांगतो, क्षणभर मला आनंदच झाला. बेत पास झाला, मला पुन्हा समुद्र दिसणार होता. मग माझी मलाच लाज वाटली.

डबाबंद पदार्थ आले, ब्रायनीसाठी नवं जीवरक्षक जाकीट आलं. निघायला चार दिवस उरले, तेव्हा पीअर्सनं जागा राखून ठेवायला पलीकडच्या बंदरात फोन केला. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "खिंडीतून येताय ना? मग तुमच्या घड्याळात दहा वीस. उशीर करू नका."

"अकरा वीस," पीअर्स म्हणाला.

"नाही हो, दहा वीस. तुम्ही इंग्रज दरवर्षी तो एक तास कुठून आणता कोण जाणे."

फोन ठेवताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. रोवीना बागेत घेवड्याला पाणी घालत होती. त्यानं खोडरबर उचललं आणि माझ्यावर टेकवलं. एकदा घासलं असतं की संपलं, कुणाला कळलंही नसतं. खोड बाबा लवकर, मी मनात म्हणालो.

त्यानं रबर खाली ठेवलं आणि दारातून हाक मारली, "रोवीना, चूक सापडली."

ती हात पुसत आली. त्यानं सगळं सांगितलं. तिनं पुस्तक ओढून ती वेळ पुन्हा पाहिली. जिन्यावर बसलेली ब्रायनी म्हणाली, "माझं मनगट मोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ती वाळू नकाशात नव्हतीच."

"होती," पीअर्स म्हणाला. "मी नीट पाहिलं नव्हतं. खोटं बोललो."

रोवीनानं माझ्यावरच्या स्वतःच्या खुणेवर बोट ठेवलं. "इथं मीही बरोबर म्हटलंय." मग तिनं त्याच्यापुढे खुर्ची सरकवली आणि स्वतःही बसली. "जाऊ या. पण खिंडीत सुकाणू माझ्या हातात. आणि हा नकाशा नको, इतक्या वर्षांत तिथल्या पाण्यातल्या इशाऱ्याच्या खुणा बदलल्या असतील. नवा आण."

तिचं बरोबर होतं, तरी मला लागलं.

पीअर्सनं अकरा वीसवर काट मारली, खाली दहा वीस लिहिलं आणि मला विल्फकडे दिलं. किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे बेत ठेवून जायची इथली रीत आहे. बंदरात पोचलं की फोन करायचा.

आज तो खिंडीचा दिवस. दहा वीसपासून विल्फ त्या खिंडीवर बोट ठेवून बसले होते. अकरा वाजले. अकरा वीस झाले. बारा वाजले तरी फोन नाही. चहा तसाच गार झाला. मला माझ्याच अंगावरच्या त्या खडकांचा राग येत होता.

साडेबाराला फोन वाजला.

"आजोबा, आम्ही पोचलो," ब्रायनी सांगत होती. "खिंडीत पाणी एकदम शांत होतं. आई सुकाणूवर होती. बाबा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, शेवटी आईनं ते काढूनच घेतलं."

"बरं," विल्फ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग चष्मा काढून म्हातारा माझ्यावर डोकं टेकवून रडला.

मी आता समुद्रावर जाणार नाही. पण एवढंच मागणं आहे: माझ्यावरची ती काट मारलेली वेळ कुणी खोडून टाकू नका. आणि तुमच्याकडे कुणी आपली चूक घेऊन आपल्या पायांनी आलं, तर त्याला आधी बसायला खुर्ची द्या.