फिकट मुळांतला गडद कण

फाल्गुनातले ऊन प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीतून आत आले आणि काचपात्रांवर सांडले. स्पिरिटच्या दिव्यांच्या निळ्या ज्योती त्या उजेडात विरून गेल्या. कुंपणापलीकडे उन्हाळ कांद्याची काढणी चालली होती. उपटलेल्या मुळांचा उग्र गंध वाऱ्याबरोबर येऊन परीक्षेला बसला होता.

त्या गंधाकडे पाठ करून शालन बसली होती. अडतीस वर्षांची, ताम्रवर्णी, खरखरीत हातांची. भोवती अठरा-एकोणीस वर्षांची पोरे, तिला मावशी म्हणणारी. आत येताना एक जण म्हणालाच होता, "मावशी, आज नुसती मुळं बघायचीत. भजी नका काढू."

ती हसली होती. ते हसू ओठांवरच वाळले.

गेल्या वर्षी याच बाकावर ती नापास झाली होती. कांद्याच्या मुळाचा अगदी टोकाचा शेंडा, मोहरीहून बारीक. त्यात पेशी विभागतात, एकीच्या दोन होतात, मूळ वाढते ते तिथूनच. तो शेंडा ठेवायचा, वरचे मूळ टाकायचे. शालनने शेंडा टाकला, मूळ ठेवले. व्यापाऱ्याच्या खळ्यावर वीस हंगाम तिने कांद्याच्या मुळ्या छाटून भिरकावल्या होत्या. डोके शिकले होते. हात जुना होता.

आजची संधी अखेरची. चुकली तर कॉलेज सुटले. खळ्यावर तिचे बसायचे गोणपाट मुकादमाने कुणाला दिले नव्हते. गुंडाळून ठेवले होते. "येशील परत, तवा लागंल," म्हणाला होता. मायेने की टोमण्याने, हे तिला अजून उमगले नव्हते.

प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई पुंजाबा प्रत्येकापुढे एकेक मूळ ठेवत गेले. एकच. दुसरे मिळायचे नव्हते.

तिने मूळ लाल रंगात बुडवले, ते पात्र ज्योतीवर धरले. ऊब द्यायची, उकळी नाही. मूळ रंगत गेले. वर फिकट गुलाबी, टोकाला गडद, पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखे. तिने ते काचपट्टीवर आडवे केले, पाते उचलले.

बाहेर विळे चालत होते. सर्र, सर्र.

आणि हात चालला. टोक तुटले, बोटाने ते उडवले, त्याच जुन्या लयीत, त्याच जुन्या बेफिकिरीने. बाकाच्या मधोमध सगळ्यांच्या टाकाऊ तुकड्यांची बशी होती. शेंडा त्या बशीतल्या पाण्यात पडला.

शालनने पट्टीकडे पाहिले. पट्टीवर फिकट मूळ. घड्याळात बारा मिनिटे उरलेली. परीक्षक बाई दोन बाकांच्या अंतरावर येऊन ठेपल्या होत्या.

बशीत तीसेक तुकडे तरंगत होते. ती वाकली. वीस वर्षे तिने दुसरे काय केले होते? समोर ढीग, आणि ढिगावरून फिरणारा डोळा. हजारांतला एक सडका ती न थांबता उचलायची. आज टाकलेल्यांतला एकच चांगला हवा होता.

गुलाबी. गुलाबी. गुलाबी. गुलाबी.

गडद.

सुईच्या अग्रावर तिने तो कण उचलला. पट्टीवर थेंब, थेंबात कण, वर पातळ काच, काचेवर टिपकागद, कागदावर अंगठा. कांद्याची मान दाबून आतले कुजणे ओळखणारा अंगठा. सरळ खाली जाणारा, न सरकणारा, न थरथरणारा. हात जुना होता. इथे तो जुनाच हवा होता.

"विभाजन दाखवा," परीक्षक बाई म्हणाल्या.

शालनने भिंगाला डोळा लावला. विटांसारख्या रचलेल्या खोल्या, खोलीखोलीत गोल, निश्चल केंद्रक. तिने पट्टी केसभर सरकवली. निश्चल. आणखी केसभर. निश्चल. मागे पेनाचे टोपण उघडल्याचा आवाज झाला.

मग ती दिसली. एकच पेशी, रक्तवर्णी धाग्यांचे दोन झुबके, एकमेकांना पाठमोरे, दोन टोकांकडे ओढलेले. मध्ये रिकामा, लख्ख उजेड.

ती बाजूला झाली. बाई वाकल्या, बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"कोणती अवस्था?"

"पश्चावस्था, बाई. धागे सुटलेत. मधली भिंत अजून उभी राहायचीय."

बाईंनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि त्या पुढच्या बाकाकडे वळल्या.

शालन अंगठ्याकडे पाहत राहिली. नखाच्या कडेला लाल रंग, त्याखाली वीस हंगामांचा कांद्याचा वास. बाहेर विळे चालत होते, सर्र, सर्र. आणि आत, पातळ काचेखाली, एकीच्या दोन होता होता थांबलेली ती पेशी फाल्गुनाच्या उन्हात उजळत राहिली, उजळत राहिली.