कडेवरचे अक्षर

भागीरथाबाईंनी भिजवलेल्या चिंचेचा गोळा मेडलवर दाबला आणि त्यावरच्या इंग्रज राजाच्या नाकापासून घासायला सुरुवात केली. राजा लखलखू लागला तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. दारातल्या पोत्यावर बसलेला माणूस अजून उठला नव्हता.

"आजी, इकायचं नसंन तं नका इकू. नुसता पाहू द्या बिल्ला."

"मेडल म्हन. बिल्ला लेबर लोकाइच्या छातीवर असते."

हिरालाल गोंदियाचा. सायकलला पत्र्याची पेटी बांधून तो दुर्ग-भिलाईच्या वस्त्या पालथ्या घाली, जुन्या लढायांतली मेडले विकत घेई आणि रायपूरच्या शौकिनांना विकी. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागल्यापासून रशियन साहेबांनाही त्यांची गोडी लागली होती. खुर्सीपारच्या एका झोपडीत पहिल्या महायुद्धातले बसऱ्याचे मेडल आहे, हे त्याला कुणीही सांगितले असते. आपला नवरा जानराव शिपाई म्हणून बसऱ्याला गेला, घोड्यावरून लढला, खांद्याला बंदुकीचा घट्टा घेऊन परतला, हे भागीरथाबाई चाळीस वर्षे सांगत आल्या होत्या. मेडलच्या पाठीवर घोडेस्वार होताच. तो अंगावर चिंधीही न घालता बसलेला असल्यामुळे ती बाजू मात्र त्या कायम भिंतीकडे ठेवत.

परवावर आलेल्या बुद्धजयंतीला मिरवणुकीच्या अग्रभागी मेडल लावून चालण्याचा मान शिपायाची विधवा म्हणून त्यांचा होता. कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहणाऱ्या रेजा बाया शेवटच्या रांगेत, हेही त्यांनीच ठरवून दिले होते. त्या रांगेत त्यांची सून शेवंता होती. मुलगा वारल्यापासून घरातली चूल तिच्या घमेल्यावर पेटत होती. पण गेटवर दाखवायचा तिचा पितळी बिल्ला मेडलच्या खिळ्याला टांगण्याची मुभा तिला नव्हती. तो तांदळाच्या डब्यामागे असे.

"पेटी उघड," भागीरथाबाई म्हणाल्या.

हिरालालने पेटी उघडली. आत जुन्या धोतराच्या फडक्यात पाच-सहा मेडले होती.

"कडेवर काय हाये? वाच."

"नंबर असते आजी, हुद्दा असते, मंग नाव. हे पाहा. अठराशे तीन, सिपाई भिकाजी. हे नऊशे बारा, नाईक सखाराम."

"भिकाजीच्या घरी कोन हाये आता?"

"काय मालूम! सोनार गालून राहिला होता. मी वाचवलं."

"वाचवलं म्हनते, अन् इकते."

"इकतो. पन गालत तं नाई," हिरालाल हसत म्हणाला.

भागीरथाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिसरे मेडल उचलून अंगठा कडेवरून फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही.

"याची कड गुळगुळीत कावून?"

हिरालालने फडके सारखे केले. "घरवालाच म्हने, नाव घासून ने. बापाचं नाव बजारात फिरलं नाई पायजे."

"अन् तू घासलं."

"कानस हाये माह्यापाशी."

"भुकेपायी इकलं तं इकलं, भूक कोनाले चुकली? पन नाव कावून घासा लागते? तो मानूस गेलता का नाई लढाईवर?"

भागीरथाबाईंनी पदराने हात पुसले आणि आपले मेडल त्याच्यापुढे धरले.

"आता हे वाच. अन् मोठ्यानं वाच."

हिरालालने ते उजेडाकडे तिरपे केले. त्याचे ओठ हलले, थांबले.

"सव्वीसशे चौदा… जानराव."

"मधातलं गिळलं तू."

"काई नाई, आजी."

"नंबर, हुद्दा, मंग नाव. तूच सांगतलं आता. हुद्दा कुठं गेला?"

हिरालालने एकदा दाराबाहेर पाहिले.

"लेबर," तो म्हणाला. "लेबर जानराव. पुढं पलटनीचं नाव हाये, लेबर कोअर. चांदीचं मेडल सिपायाइले देल्लं होतं, आजी. हे काशाचं हाये. बोटीतले पोते उतरवाले, रूळ टाकाले मानसं नेले होते सरकारनं. त्याइचं हे."

इंग्रजीतला तो एकच शब्द भागीरथाबाईंना कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. त्या राहत होत्या तो लेबर कॅम्प होता, शेवंता जात होती तो लेबर गेट होता, पहाटे भोंगा वाजवत येई ती लेबरची गाडी होती.

त्यांनी आपला उजवा हात उचलून खांद्यावर ठेवला. जानरावच्या घट्ट्याची जागा तीच. तो बंदुकीचा असे त्यांनीच पहिल्यांदा म्हटले होते, शेजारणींच्या देखत. जानराव तेव्हा नुसता हसला होता. मरेपर्यंत त्याने होही म्हटले नाही आणि नाहीही.

हिरालाल पुढे सरकला. त्याचा आवाज खाली आला होता.

"आजी, चार हात कानस मारली का हुद्दा अन् पलटन तेवढी जाईन. नंबर राहीन, नाव राहीन. परवा विहारातल्या शिकलेल्या पोट्ट्यानं वाचलं तरी जानरावच वाचन. मले पैसा नको तुमचा."

त्याने कानस काढून मेडलशेजारी ठेवली. भागीरथाबाईंनी ती उचलली. तिच्या दात्यांवरून नख फिरवले. खर्र असा बारीक आवाज झाला. बराच वेळ त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ती हिरालालच्या पेटीत टाकली आणि झाकण लावले.

"भिकाजी अन् सखाराम कोन्या गावचे, त्या सोनाराले इचार. पुढच्या खेपेले मले सांगशीन."

"आता हे कसं सापडन, आजी?"

"घेताना सापडलं ना? मंग देताना बी सापडन. ऊठ आता."

हिरालाल उठला. पेटी सायकलला बांधताना त्याने दोनदा मागे वळून पाहिले. पण भागीरथाबाई पुन्हा चिंच घासू लागल्या होत्या. आता त्या फक्त कड घासत होत्या. अक्षरांच्या खाचांत बसलेला काळा मळ त्यांनी बाभळीच्या काट्याने एकेक करून काढला.

दिवस कलताना शेवंता आली. भुवयांपर्यंत सिमेंट, डोक्यावर चुंबळ तशीच. सासूबाईंची शिस्त ठाऊक असल्याने तिने बाहेरच पाय धुतले, आत येऊन कमरेचा बिल्ला सोडला आणि तांदळाच्या डब्याकडे वळली.

"काय लिवलं हाये त्याच्यावर?"

शेवंता दचकली. "कशावर, माय?"

"तुह्या हातात हाये त्याच्यावर."

"नंबर. अकराशे सात."

"अन् नाव?"

"नाव नाई देत, माय. नुसता नंबर."

भिंतीवरच्या खिळ्याला मेडल टांगलेले होते. राजा भिंतीकडे होता आणि घोडेस्वार उघड्या अंगाने घराकडे पाहत होता. शेवंताचे त्याकडे लक्ष गेले आणि तिने पदर तोंडाशी नेला.

"परवा जयंतीले माह्यासंगं चालशीन," भागीरथाबाई म्हणाल्या.

"मी तं मागच्या रांगेत हावो ना, माय."

"कोनं सांगतलं?"

शेवंताने त्यांच्याकडे पाहिले. कुणी सांगितले हे दोघींनाही ठाऊक होते.

भागीरथाबाईंनी वाटी जवळ ओढली आणि हात पुढे केला.

"तुह्या सासऱ्याच्या बिल्ल्याले लावून चिंच उरली हाये. तुहा आन इकडं."